कासवांच्या परिषदेत

१४ एप्रिल २०१० रोजी आइसलंडमधल्या एका ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. एयाफ्यात्लायोकुत्ल हे त्याचं नाव. वर्गात ते फळ्यावर लिहावं, उच्चारायच्या फंदात पडू नये. त्याच्या राखेमुळे युरोपातली बहुतेक विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर उभी राहिली. आता या बातमीनं कोकणातल्या एका शाळामास्तरची झोप उडायचं काय कारण? कारण इतकंच, की त्याच महिन्याच्या २७ ते २९ तारखांना गोव्यात सागरी कासवांवरची तिसावी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती, आणि नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मी होतो.

मी तेव्हा उत्तर रत्नागिरीतल्या एका गावात विज्ञान शिकवत असे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. पुढे ते किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरलं. आमच्या पुळणीवर वर्षाला दहा-बारा घरटी सापडत. शाळेतली मुलं, मी आणि दोन-तीन मच्छीमार मिळून ती सांभाळत असू. गोव्यातल्या परिषदेसाठी मराठी-कोकणी बोलणारी, कासवाची थोडी ओळख असलेली माणसं मदतीला हवी आहेत, असं एका परिचितानं कळवलं. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते. मी निघालो.

निघताना गावातले एक वयस्कर तांडेल भेटले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते म्हणाले, "मास्तर, कासवांची सभा भरवून कासवं वाढतात होय?"

प्रश्न थट्टेतला होता, पण तो माझ्याबरोबर गाडीत चढला आणि आठवडाभर खाली उतरला नाही.

एका थांब्यावरून एसटीचा अभ्यास

आपल्या गावच्या थांब्यावर रोज रात्री एक एसटी येते, दोन मिनिटं थांबते आणि जाते, अशी कल्पना करा. ती कुठून आली, कुठे चालली, वाटेत किती माणसं उतरली, पुढच्या घाटात तिचं काय झालं, हे सगळं आपल्याला थांब्यावर उभं राहूनच शोधायचं आहे. कासवाचा अभ्यास करणाऱ्याची अवस्था नेमकी अशी असते.

जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत. भारताच्या समुद्रात त्यांपैकी पाच आढळतात : ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. कोकणात अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. कवच सुमारे पासष्ट-सत्तर सेंटिमीटर लांब, वजन चाळीसेक किलो. पिल्लू समुद्रात गेलं आणि ते नर असलं, तर ते सहसा पुन्हा जमिनीवर येतच नाही. मादी येते, पण वयात आल्यावर, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी, आणि तीही तासाभरासाठी. खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि जाते. आपल्याला दिसतो तो तिच्या आयुष्यातला एवढाच तास. बाकीचं सगळं समुद्रात घडतं, आणि समुद्रात सरहद्दीचे खांब नसतात.

म्हणून कासवाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा छोटा बिल्ला लावायची पद्धत निघाली. बिल्ल्यावर क्रमांक आणि पत्ता असतो. कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं १९५५ साली हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पद्धत अगदी साधी, पण तिच्यात एक अट लपलेली आहे. बिल्ला लावणारा एका देशात असतो आणि बिल्ला सापडणारा भलत्याच देशात. त्या दोघांची गाठ पडली तरच माहिती तयार होते. नाहीतर एकाकडे नुसती वही उरते आणि दुसऱ्याकडे पत्र्याचा तुकडा. ओडिशात बिल्ले लावलेली कासवं श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सापडली, तेव्हाच ती हिवाळा संपल्यावर कुठल्या दिशेनं जातात याचा पहिला धागा हाती आला.

अशी गाठ पडावी म्हणून या परिषदा. १९७९ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला सागरी कासवांच्या संवर्धनावर पहिली जागतिक परिषद झाली. १९८१ पासून अमेरिकेच्या आग्नेय भागात कासवांवर काम करणारे दरवर्षी एकत्र बसू लागले. सुरुवातीला ती लहानशी कार्यशाळा होती. तिचाच वाढत वाढत जगभराचा मेळावा झाला. २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला होता, २०११ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोला. मधल्या वर्षी गोव्याला, आणि दक्षिण आशियात तो पहिल्यांदाच आला होता. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. त्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले परिसरशास्त्रज्ञ कार्तिक शंकर अध्यक्ष होते.

टेबलाच्या मागून

परिषद म्हणजे भाषणं, असा माझा समज होता. टेबलामागे बसल्यावर कळलं की भाषणं हा तिचा जेमतेम अर्धा भाग. मुख्य तीन दिवसांच्या आधीच कार्यशाळा आणि प्रादेशिक बैठका भरतात. लॅटिन अमेरिकेची वेगळी, आफ्रिकेची वेगळी, हिंदी महासागराची वेगळी. खरी देवाणघेवाण तिथे जास्त होते, कारण तिथले प्रश्न एकमेकांना ओळखीचे असतात.

आम्हा स्वयंसेवकांची कामं साधीच होती. ओळखपत्रं अक्षरवार लावायची (आडनाव कुठलं आणि नाव कुठलं, यावर स्पॅनिश पाहुण्यांशी रोज एक वाद), वक्त्यांच्या चकत्या वेळेवर संगणकापाशी पोचवायच्या, आणि भाषण चालू असताना पहिल्या रांगेत बसून 'दोन मिनिटं', 'एक मिनिट', 'थांबा' अशी पुठ्ठ्याची पाटी दाखवायची. हे शेवटचं काम मला फार आवडलं. वीस वर्षं डोंगरातल्या एखाद्या ओसाड किनाऱ्यावर काम केलेला माणूस आपलं म्हणणं बारा मिनिटांत कसं मांडतो, काय गाळतो, हे अगदी जवळून पाहायला मिळालं. शिक्षकांनी एकदा तरी करून पाहावं असं ते काम आहे.

आणखी एक गंमत म्हणजे लिलाव. परिषदेला येणाऱ्यांत विद्यार्थी आणि गरीब देशांतले कार्यकर्ते बरेच असतात. त्यांच्या प्रवासखर्चासाठी एका संध्याकाळी कासवाची चित्रं, लाकडी कासवं, कपडे, असल्या वस्तूंचा जाहीर लिलाव होतो. मोठमोठे प्राध्यापक हौसेनं बोली लावतात. एरवी ज्यांची पुस्तकं आपण वाचावीत, ती माणसं एका लाकडी कासवासाठी हात वर करून ओरडताना पाहिली, की त्यांची भीती जाते.

विमानांची काळजी फिटली होती, पण परिषद चालू असताना एक दुसरीच काळजी सगळीकडे बोलली जात होती. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला होता आणि तेल समुद्रात येऊ लागलं होतं. हे आखात म्हणजे केम्प्स रिडले या सर्वांत दुर्मिळ सागरी कासवाचं घर. ऑलिव्ह रिडलेची ही सख्खी चुलत बहीण. तिची गोष्ट प्रत्येक कासववाल्याला पाठ असते. १९४७ साली एका मेक्सिकन अभियंत्यानं रँचो नुएवोच्या किनाऱ्यावर छोटा चित्रपट घेतला. त्यात एकाच दिवसात सुमारे चाळीस हजार माद्या अंडी घालताना दिसतात, असा अंदाज नंतर काढला गेला. तो चित्रपट शास्त्रज्ञांच्या हाती १९६१ मध्ये पडला. तोवर किनाऱ्यावरची अंडी गोण्या भरभरून विकली जात होती आणि कोळंबीच्या जाळ्यांत कासवं मरत होती. १९८५ मध्ये तिथे साऱ्या हंगामात जेमतेम सातशे घरटी उरली. पुढे किनाऱ्यावर पहारा आणि समुद्रात जाळ्यांवर बंधनं अशी दोन्ही कामं झाल्यावर घरटी पुन्हा हजारांत गेली. आणि आता हे तेल. चहाच्या रांगेत आखाताकडचे लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते.

तीन प्रश्न

दुसऱ्या दिवशी माझी नेमणूक भित्तिपत्रकांच्या दालनात होती. ज्यांना भाषणाची वेळ मिळत नाही ते आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्या शेजारी उभे राहतात. विज्ञान प्रदर्शनात आपली मुलं राहतात तसेच. मध्य अमेरिकेतल्या एका देशातली विद्यार्थिनी अंडी उबवण केंद्रांवरचं भित्तिपत्रक लावत होती. मी तिला टाचण्या दिल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत अभिमानानं सांगितलं, की आमच्या शाळेचंही असं एक केंद्र आहे. तिनं तीन प्रश्न विचारले. अंडी किती वाजता उचलता? केंद्रावर सावली आहे का? पिल्लं केव्हा सोडता?

पहिल्याचं उत्तर मी दिलं : पहाटे फेरी मारतो, सहा-साडेसहाला घरटं सापडतं, मुलं बादलीत अंडी भरून आणतात. ती म्हणाली, मादी तर रात्री अकराला येऊन गेलेली असेल!

यातली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मादीच्या पोटात असताना अंड्यातल्या गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबलेली असते, कारण तिथे प्राणवायू फार कमी असतो. अंडं बाहेर पडलं की वाढ पुन्हा सुरू होते. काही तासांतच गर्भ बलकाच्या वरच्या बाजूला येतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अंड्याच्या माथ्यावर तेव्हा पांढरा डाग दिसू लागतो. यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो नाजूक सांधा तुटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं अगदी जसंच्या तसं दिसतं! म्हणून अंडी हलवायची तर घातल्यावर दोन-तीन तासांच्या आत. उशीर झालाच असेल तर प्रत्येक अंड्याची वरची बाजू वरच ठेवून, धक्का न लावता. आणि घरटं सुरक्षित असेल तर हलवूच नये. आमच्याकडे निम्म्याहून कमी अंडी फुटत. आम्ही दोष उन्हाला देत होतो. आमची मुलं बादली झुलवत, गाणी म्हणत येत असत.

दुसरा प्रश्न सावलीचा. आपल्याकडे मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरतं. सागरी कासवांत ते वाळूच्या तापमानावर ठरतं. उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळात वाळू २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर-माद्या साधारण निम्मे निम्मे होतात. त्याहून थंड वाळूत नर वाढतात, गरम वाळूत माद्या. पस्तीसच्या आसपास गेलं तर गर्भच जगत नाहीत. हे कळायच्या आधी काय घोळ झाले त्याचं उदाहरण पुन्हा केम्प्स रिडलेचंच. १९७८ पासून मेक्सिकोतली अंडी टेक्सासमध्ये नेऊन फोमच्या खोक्यांत उबवली जात. हेतू उत्तम, मेहनत प्रचंड. पण खोक्यांत गारवा राही. पहिल्या काही वर्षांतल्या पिल्लांत नरांचाच भरणा होता असं नंतरच्या तपासणीत दिसलं. पुढे खोल्यांचं तापमान वाढवल्यावर माद्या वाढल्या.

आता प्रश्न उलटा झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आहेत. पृथ्वी तापते आहे याचा इतका स्पष्ट हिशेब दुसऱ्या कुठल्या प्राण्यात क्वचितच सापडेल. 'मग आम्ही सावली करावी का?' असं मी त्या मुलीला विचारलं. तिचं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, तुमच्या वाळूचं तापमान मला काय माहीत? मोजा. घरट्याच्या खोलीवर, दिवसातून तीनदा, सगळा हंगाम.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला लाज वाटली. पिल्लं वाळूतून बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू थंडावल्यावर वर येतात. आम्ही ती टोपलीखाली झाकून ठेवत असू आणि सकाळी आठ-नऊला, शाळेची मुलं जमल्यावर, टाळ्यांच्या गजरात सोडत असू. पिल्लाच्या पोटात थोडासा बलक शिल्लक असतो. त्या शिदोरीवर ते पहिला दिवसभर अखंड पोहतं आणि किनाऱ्याजवळच्या भक्षक माशांच्या टापूतून बाहेर पडतं. टोपलीत ते स्वस्थ बसत नाही. तिथेच हातपाय मारत शिदोरी संपवतं. काही तास कोंडून ठेवलेली पिल्लं समुद्रात हळू पोहतात, हे मोजून पाहिलेलं आहे. शिवाय उजेड झाल्यावर वर पक्षी आणि खाली मासे. आम्ही मुलांना निसर्ग दाखवत होतो आणि त्याची किंमत पिल्लं देत होती.

या तिन्ही चुका आम्ही मन लावून केल्या होत्या. आमच्या वहीत सोडलेल्या पिल्लांचा आकडा दरवर्षी लाल शाईत लिहिला जाई.

वीस घरटी आणि एक मादी

मला खरा धक्का मात्र त्याच्या पुढचा होता, आणि तो एका जुन्या शोधनिबंधाचा होता. १९८७ साली डेबोरा क्राउज, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅस्वेल या तिघांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. अंडं व पिल्लू, लहान कासव, मोठं पण अजून वयात न आलेलं, प्रौढ, अशा टप्प्यांतल्या मृत्यूचं प्रमाण त्यांनी घेतलं आणि विचारलं, की कुठल्या टप्प्यावरचे मृत्यू कमी केले तर संख्या सावरेल? उत्तर असं आलं की किनाऱ्यावरचं एकूण एक अंडं वाचवलं तरी घट थांबत नाही. मोठ्या, वयात येऊ घातलेल्या कासवांचे मृत्यू कमी केले तर थांबते.

हे वर्गात सोप्या आकड्यांनी करून पाहता येतं. समजा एका मादीनं आयुष्यात दोन हजार अंडी घातली. कासवांची संख्या स्थिर राहायची तर त्यांतून दोनच कासवं प्रौढ व्हायला हवीत, एक नर आणि एक मादी. म्हणजे हजारात एक. उलट बाजूनं पाहा : समुद्रात फिरणारी एक प्रौढ मादी म्हणजे दोन हजार अंड्यांतून तरलेला एक जीव. दोन हजार अंडी म्हणजे वीस घरटी. आमच्या गावची दोन वर्षांची राखण! ती मादी एका दुपारी एका जाळ्यात मेली, तर दोन वर्षांच्या हिशेबावर पाणी पडतं. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण दिशा खरी आहे.

कासव जाळ्यात मरतं ते बुडून. ते हवेत श्वास घेतं. शांत असताना बराच वेळ पाण्याखाली राहू शकतं, पण ट्रॉलरच्या जाळ्यात धडपडताना त्याचा प्राणवायू लवकर संपतो, आणि ट्रॉलर जाळं दोन-तीन तास ओढतो. यावरचा उपाय म्हणजे 'टेड'. जाळ्याच्या नळीत एक तिरपी लोखंडी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते. कासव गजांवर आपटून घसरतं आणि वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. कल्पना इतकी साधी, की सहावीतला मुलगाही चाळणी आणि गोट्या घेऊन ती दाखवू शकेल.

मग ती सगळीकडे का नाही? इथून विज्ञान संपतं आणि माणसं सुरू होतात. अमेरिकेनं १९८९ मध्ये कायदा केला, की टेड न वापरणाऱ्या देशांची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे देश जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ मध्ये निकाल लागला तो मजेदार होता : कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण कायदा लावताना देशादेशांत भेदभाव झाला, म्हणून चूक. दरम्यान कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना साजेसं टेड तयार केलं. पण झडपेतून थोडीफार कोळंबीही निसटते, आणि ज्याचं कर्ज डिझेलवर चाललं आहे त्याला 'थोडीफार' हा शब्द पटत नाही.

ओडिशात तर गुंता आणखी मोठा. गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर आणि देवी व ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले लाखोंनी एकाच वेळी येतात. या सामुदायिक विणीला स्पॅनिश शब्दावरून 'अरिबाडा' म्हणतात. गहिरमाथ्याची माहिती शास्त्रज्ञांना १९७४ मध्ये झाली, ऋषिकुल्याची थेट १९९४ मध्ये. स्थानिकांना ती अर्थातच आधीपासून होती. तिथे नोव्हेंबर ते मे मासेमारीवर बंदी असते. ती ट्रॉलरवाल्याला जशी लागते तशी छोट्या होडीवाल्यालाही लागते, आणि छोट्याला जास्त लागते. चहाच्या टेबलावर या विषयावर दोन जाणकारांचा आवाज बराच चढलेला मी ऐकला. एक म्हणत होता, बंदी नसती तर कासवं उरली नसती. दुसरा म्हणत होता, मच्छीमाराला शत्रू करून वाचवलेलं कासव किती दिवस वाचेल? मला दोघांचंही पटत होतं. आजही पटतं. माझा कल मात्र दुसऱ्याकडे आहे, कारण समुद्रात आपण नसतो, तो असतो.

चालत किनारा पाहणारा माणूस

त्या परिषदेत सतीश भास्कर यांचा सत्कार झाला, 'सी टर्टल चॅम्पियन' या पुरस्कारानं. भारतातल्या कासवांची पहिली पद्धतशीर पाहणी ज्यांनी केली ते हे गृहस्थ. १९७७ पासून पुढे जवळजवळ दोन दशकं त्यांनी देशाचे किनारे, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार असं पायी पालथं घातलं. चाललेलं अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. हिरवी कासवं लक्षद्वीपमधल्या सुहेली बेटावर पावसाळ्यात अंडी घालतात हे कळल्यावर १९८२ चा पावसाळा त्यांनी त्या निर्मनुष्य बेटावर एकट्यानं काढला. पावसाळ्यात तिथे होडी जाऊच शकत नाही. घरी पत्र पाठवायचं कसं? त्यांनी चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडली. ती श्रीलंकेत एका मच्छीमाराला सापडली आणि त्यानं ती भास्करांच्या पत्नीला टपालानं पाठवली! २०२३ मध्ये भास्कर गेले. आज कुठल्या किनाऱ्यावर कासवं वाढली की घटली हे ठरवताना जुना आकडा हवा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो त्यांचाच असतो.

परत आल्यावर

गावी परतल्यावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. फेरी पहाटेऐवजी रात्री सुरू केली. त्यासाठी मुलांना नेणं बंद करावं लागलं, आणि पालकांपेक्षा मुलांनाच त्याचं वाईट वाटलं. पिल्लं वर आली की त्याच वेळी, दिवे बंद ठेवून सोडायची असं ठरलं. टाळ्या गेल्या, पाहुणेही थोडे कमी झाले. आणि एक साधा तापमापक वाळूत पुरला. त्याची नोंद मात्र मुलांकडे दिली. दोन हंगामांतच फुटणाऱ्या अंड्यांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं.

तात्यांना मी ते वीस घरट्यांचं गणित सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या जाळ्यात मेलेलं कासव आम्ही कोणाला सांगत नाही, मास्तर. सांगितलं तर केस होईल. गुपचूप सोडून देतो पाण्यात."

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. संरक्षण कडक आहे ते योग्यच. पण त्याचा असाही परिणाम होतो, की ज्या आकड्याची सगळ्यांत जास्त गरज आहे तोच आकडा भीतीपोटी समुद्रात बुडतो. या दृष्टीनं महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली योजना मला महत्त्वाची वाटते. जाळ्यात अडकलेला कासवासारखा संरक्षित जीव जाळं कापून जिवंत सोडला आणि त्याचं छायाचित्र दिलं, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तात्यांच्या मुलानं असं एक कासव सोडलं, तेव्हा फोन त्यानंच केला.

बिल्ल्यांचं कामही पुढे गेलं आहे. २०२२ आणि २०२३ साली कोकणातल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली गेली. त्यांपैकी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरच्या पुळणीवर एक मादी चढली, तिच्या पायाला आधीपासूनच बिल्ला होता : ०३२३३. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला होता. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असावीत असं तोवर साधारण मानलं जाई. ही बाई साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त पोहून आली होती आणि तिनं इथे १२० अंडी घातली.

तुमच्या गावच्या किनाऱ्यावर असं कासव दिसलं, जिवंत किंवा मेलेलं, तर आधी दिवा विझवा आणि मागच्या बाजूला उभे राहा. अंडी घालून झाली की दोन्ही पुढचे पाय पाहा. बिल्ला असेल तर काढू नका. त्यावरचा क्रमांक, असल्यास पत्ता, तारीख, वेळ आणि किनाऱ्याचं नाव लिहून घ्या. कवचाची लांबी-रुंदी शिंप्याच्या टेपनं, वाकासकट मोजा. एक छायाचित्र काढा, फ्लॅश न लावता. मग वन विभागाच्या कार्यालयात कळवा. क्रमांक उतरवताना तो दोघांनी वेगवेगळा वाचावा. ओल्या बिल्ल्यावरचा ३ आणि ८ अंधारात हटकून चुकतो.